नाचण्याकडच्या आमच्या कॉलनीत दोन घरफोड्या : बंद घरांचं काय करायचं?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि विषय काही चांगला नाही.

रत्नागिरीत नाचणे रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी. चिऱ्याची बैठी घरं, प्रत्येकाच्या मागेपुढे दोन-चार माड, गडग्याच्या पलीकडे हापूसची बाग. लग्न होऊन इथे आले त्याला बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत कडी घातली की झोप लागायची. यंदा श्रावण संपता संपता पहिली घरफोडी उघडकीला आली आणि गणपती गेल्यावर आठवड्याभरात दुसरी.

पहिलं घर कोपऱ्यावरच्या काकूंचं. काका गेल्यापासून काकू ठाण्याला लेकीकडे असतात. वटपौर्णिमेला येऊन गेल्या, त्यानंतर एकदम गणपतीची साफसफाई करायला आल्या. पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. चोर मागीलदारी शिरला होता. कटावणीने कोयंडा उचकटलेला, चौकटीचा एक ढलपा निघून लोंबत होता, आणि आत झड येऊन येऊन शहाबादी फरशीवर हिरवं शेवाळ धरलं होतं. मी त्या शेवाळाकडेच बघत राहिले. शेवाळ एका रात्रीत धरत नाही. म्हणजे ते दार तीन-चार आठवडे तरी सताड उघडं होतं आणि आम्ही सगळे शेजारी रोज पुढून ये-जा करत होतो.

देवघरातली चांदीची निरांजनं, पंचपात्र, पळी गेली. न्हाणीघरातला तांब्याचा बंब गेला. काकूंनी त्यातल्या कशाबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. सासूबाईंच्या वेळचं एक चांदीचं तबक होतं, गौरीची ओटी त्यातच भरायच्या. ते गेल्याचं कळलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या.

पंचनाम्याला मी हजर होते. ‘गुन्हा केव्हा घडला?’ या प्रश्नाला आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता येईना. शेवटी ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेदरम्यान’ असं लिहिलं गेलं. मधे जवळजवळ अडीच महिने. अडीच महिन्यांतली कुठलीही रात्र!

दुसरं घर फक्त दोन दिवस बंद होतं. माणसं आजारी नातेवाइकाला बघायला कोल्हापूरला गेली होती. कपाट फोडून मंगळसूत्र आणि दोन बांगड्या नेल्या. मी बँकेत काम करते, त्या घरच्या वहिनींना लॉकर घ्या म्हणून तीनदा सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं, रोजच्या वापरातलं कुठे लॉकरमधे ठेवायचं.

त्यानंतर कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे सुरू झालं त्याने मला जास्त त्रास झाला. पलीकडच्या बागेत एक नेपाळी गुरखा कुटुंबासह बारा महिने राहतो. पहिल्या तासातच सगळ्यांचं बोट त्याच्याकडे वळलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आलं होतं. चौकशी झाली. दुसऱ्या घरफोडीच्या रात्री तो बायकोच्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होता, तिथे नोंद होती. विषय मिटला, पण ग्रुपवर ‘चुकलं’ असा एक शब्द कोणी लिहिला नाही.

गेल्या रविवारी वही घेऊन कॉलनीला एक फेरी मारली. ४१ घरं. त्यातली १७ वर्षातले दहा महिने बंद. ६ घरांत एकेकटं म्हातारं माणूस. काकूंच्या कोपऱ्यावरचा खांबावरचा दिवा वैशाखापासून गेलेला, आणि तो गेलाय हे आमच्यापैकी कोणीही कळवलेलं नव्हतं.

दीर म्हणतात, ‘रत्नागिरीत गुन्ह्यांचं प्रमाण कमीच आहे, तुम्ही उगाच घाबरताय.’ ते प्रमाण म्हणजे नक्की काय, आणि आमच्यासारख्या कॉलनीने पुढे काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं.

---

पाखाडी

ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे, राजापूर तालुक्यात, मागल्या पावसाळ्यात असंच झालं. कौलं काढून आत उतरले. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका की भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातसुद्धा ऐकू गेलं नाही. आवाटातल्या नऊ घरांपैकी चारच उघडी असतात.

---

परटवणेकर

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. पूर्वी गावात कोण नवीन आलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळायचं. आता रेल्वे आली, एमआयडीसी वाढली, बांधकामं वाढली. बागेत नेपाळी, बोटीवर नेपाळी, सेंट्रिंगला आणखी कुठले. कोण कुठून आला, काही पत्ता नाही. तुमचा गुरखा नसेल, पण बाहेरच्या माणसांची नोंद ठेवायलाच हवी. यात चूक काय?

---

तांडेलाची लेक

परटवणेकर दादा, नोंद ठेवायला कोणाचीच ना नाही. आमची मिरकरवाड्याला बोट आहे. खलाशी ठेवताना त्याचं ओळखपत्र, फोटो, गावचा पत्ता हे सगळं आम्ही घेतो. समुद्रात जाणाऱ्या माणसाचे कागद नसले तर बोट अडते. वडिलांच्या वहीत प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर असतो. तो पोलिसांसाठी म्हणून लिहिलेला नसतो. उद्या बोटीला काही झालं तर त्याच्या आईला कळवायचं असतं.

आणि तारखा बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. आमचे सगळे खलाशी त्या दिवसांत आपापल्या गावी असतात. सोनचाफा ताईंच्या काकूंचं घर ज्या अडीच महिन्यांत कधीतरी फुटलं, त्यातले जवळजवळ दोन महिने हे लोक रत्नागिरीतच नव्हते. तरी कुठेही चोरी झाली की ऑगस्टमधे परत आलेल्या पोरांकडे लोक कसे बघतात ते आम्ही दरवर्षी बघतो. मागे एका दुकानदाराने आमच्या खलाशाला मीठ द्यायला नकार दिला होता. अठरा वर्षांचा पोरगा. माझ्या आईला येऊन विचारतो, ‘मी काय केलं?’

चोराला घरात कोण आहे, कोण कधी येतं, मागचं दार कसं आहे हे माहीत लागतं. हे सगळं परक्यापेक्षा माहितीतल्यालाच जास्त माहीत असतं.

---

निवृत्त फौजदार

नोकरीची ३१ वर्षं कोकणातच गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सोनचाफा, तुम्ही पंचनाम्याबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. घरफोडीत वेळ हाच पहिला पुरावा. रात्र माहीत असली की त्या रात्रीचे रस्त्यावरचे कॅमेरे, लॉजच्या नोंदी, मोबाइलचं लोकेशन, कोणाची गाडी कुठून गेली हे सगळं बघता येतं. अडीच महिन्यांचा काळ दिला तर कॅमेऱ्याचं चित्रीकरणसुद्धा शिल्लक नसतं. साधारण दुकानाचा कॅमेरा पंधरा दिवस, फार तर महिनाभर साठवतो, मग जुन्यावर नवं चढतं. ठसे तज्ज्ञ आले तरी पावसात भिजलेल्या लाकडावर काय मिळणार? बंद घर फुटलं तर ते दुसऱ्या दिवशी कळणं, यावर तपासाचं निम्मं यश अवलंबून असतं.

आता काही गोष्टी लोकांना माहीत नसतात त्या.

घर फुटलेलं दिसलं की आत जाऊ नका. बायकांचा पहिला हात केरसुणीकडे जातो, पुरुषांचा कपाटाच्या दारांकडे. दोन्ही टाळा. स्टीलचं कपाट, काच, डबे यांवर चांगले ठसे मिळतात आणि नेमकं तिथेच घरातली सगळी माणसं हात लावून ठेवतात. बाहेर उभं राहून ११२ ला फोन करा.

फिर्याद द्या. काही गेलं नसेल, नुसता कोयंडा तुटला असेल, तरीही द्या. घरफोडी हा स्वतंत्र गुन्हा आहे, चोरी झाली तरच गुन्हा असं नाही. आधी जुन्या भारतीय दंड संहितेतली कलमं आपण ४५७, ३८० म्हणायचो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात रात्रीच्या घरफोडीला कलम ३३१(४) आणि राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५. चोरीच्या इराद्याने रात्री घर फोडलं तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीचा माल माहीत असून विकत घेणाऱ्यालाही कलम ३१७ लागतं.

प्रथम खबर अहवालाची, म्हणजे एफआयआरची, प्रत फिर्यादीला फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. हद्दीचा प्रश्न असेल तरी कुठल्याही ठाण्यात खबर देता येते. फिर्याद घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, पोस्टाने पाठवलं तरी चालतं. आणि ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवायला हवं, असं आता कायद्यातच आहे. नाही कळवलं तर जाऊन विचारा. विचारणाऱ्याची फाइल वर राहते, हे मी आतून पाहिलंय.

गेलेल्या वस्तूंची यादी करताना ‘सोन्याचे दागिने’ असं मोघम लिहू नका. वजन, घडण, सोनाराचा शिक्का, कुठे डाग दिलाय, कुठली कडी बदललीय, सगळं लिहा. माल सापडला तरी तो आपलाच आहे हे पटवता येत नाही म्हणून मुद्देमाल वर्षानुवर्षं पडून राहिलेला मी पाहिलाय. पावती आणि फोटो असले तर न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, परत मिळतो.

---

आकडेमोड

सोनचाफा यांच्या दिरांच्या मुद्द्याबद्दल. सांख्यिकी शिकवतो म्हणून लिहितोय.

गुन्ह्यांचा दर म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जो अहवाल काढतो त्यात हेच माप असतं. यात दोन शब्द नीट पाहायला हवेत : ‘नोंदलेले’ आणि ‘लोकसंख्या’.

नोंदलेले म्हणजे ज्यांची प्रथम खबर लिहिली गेली तेवढेच. एका घटनेत चार गुन्हे झाले तरी सगळ्यात गंभीर असेल तो एकच मोजतात. जिथे लोक ‘जाऊ दे, बंबच तर गेला’ म्हणून गप्प बसतात तिथला दर कमी दिसतो. जिथे ठाण्यात माणूस नीट बोलतो आणि लोक जाऊन तक्रार देतात तिथला दर वाढतो. म्हणजे चांगलं काम करणाऱ्या ठाण्याचा आकडा वाईट दिसू शकतो.

आता लोकसंख्या. २००१ मधे रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार माणसं होती, २०११ मधे १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्गातही ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. सगळा महाराष्ट्र वाढत असताना आपले हे दोन जिल्हे आटले. २०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळे त्यानंतरचं सगळं अंदाजावर. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हा २०११ चा रत्नागिरीचा आकडा, राज्यात सगळ्यात जास्त. कारण उघड आहे, कर्ते पुरुष मुंबईला. माणसं गेली, घरं राहिली. दर मोजतात तो माणसांमागे. घरफोडी होते ती घरात, आणि तीही जिथे माणूस नाही अशा घरात. एक लाख माणसांमागे किती, यापेक्षा हजार बंद घरांमागे किती, हा आकडा कोकणाला जास्त लागू पडेल. तो कुठेच मिळत नाही.

शिवाय छोट्या शहरात आकडे उड्या मारतात. रत्नागिरी शहराची लोकसंख्या २०११ मधे ७६ हजारांच्या आसपास. एखाद्या टोळीने एका रात्रीत पाच घरं फोडली तर शहराचा वर्षाचा दर लाखामागे साडेसहाने वर जातो. पुढच्या वर्षी टोळी आली नाही तर तेवढाच खाली येतो. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर निश्चिंतही होऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये. कॉलनीपुरतं बघायचं तर ताईंनी रविवारी फिरून जी मोजणी केली, ती कुठल्याही अहवालापेक्षा उपयोगाची आहे.

---

सोनचाफा

फौजदार काका, आकडेमोड सर, मनापासून आभार. काका, खरं सांगते, काकू पहिल्यांदा म्हणाल्या होत्या की तक्रार नको, चार दिवस गणपती आहेत, घरात पोलीस कशाला. आम्हीच आग्रह करून नेलं. त्यांनी ऐकलं नसतं तर आमच्या कॉलनीत यंदा एकच घरफोडी ‘झाली’ असती.

फोटोंचं ऐकून काल माझ्याच दागिन्यांचे फोटो काढायला बसले तर निम्म्याच्या पावत्या सापडल्या नाहीत. नवीन दागिने घेणाऱ्यांसाठी : १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी ओळख क्रमांक असावाच लागतो, तो वहीत लिहून ठेवा. आणि लॉकरबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगते, १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानुसार बँकेत आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पूर्ण भरपाई नव्हे, पण कपाटातल्या साडीखालच्या डब्यापेक्षा कितीतरी बरं.

---

हापूस_घाटी

आमच्या वाडीत आम्ही दहा-बारा जण रात्री गस्त घालतो. काठ्या, बॅटऱ्या, दोन बाईक. अनोळखी दिसला की थांबवतो, नाव-गाव विचारतो. महिनाभर झाला, एक चोरी नाही. पोलीस कुठे कुठे पुरणार? तुम्हीही करा.

---

डहाणूकाठ

हापूस_घाटी, तुमचा हेतू चांगला आहे. तरी कृपया काठ्या घरी ठेवा.

मी पालघर जिल्ह्यातला. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. आमच्या भागात आठवडाभर निरोप फिरत होते की रात्री चोर फिरतायत, मुलं पळवणारे फिरतायत. गावोगावी लोक जागे राहून पहारा देत होते, तुमच्यासारखेच, आपापली पोरंबाळं राखायला. त्या रात्री गडचिंचल्याला एक गाडी अडवली गेली. मुंबईहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक. पोलीस समोर असताना जमावाने तिघांना मारून टाकलं. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना असंच मारलं, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती.

त्यानंतर आमच्याकडची गावंच्या गावं महिनोन्‌महिने रिकामी होती. पोलीस येतील म्हणून बाप्ये रानात. शेतं पडून. त्या गर्दीत असलेली सगळी माणसं वाईट नव्हती, हेच मला आजही झोपू देत नाही. दहा जण, अंधार, हातात काठी आणि मनात आधीच ठरलेला चोर. एवढं एकत्र आलं की कोणाच्या हाती काही राहत नाही.

---

निवृत्त फौजदार

डहाणूकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. गस्त घालायचीच असेल तर बीट अंमलदाराला, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडे सोपवलेला असतो त्या पोलिसाला, नावं लिहून द्या, तो तुमच्याबरोबर एखादी फेरी मारेल. हातात बॅटरी आणि शिट्टी, बस्स. कोणाला अडवायचं नाही, झडती घ्यायची नाही, गाडीची किल्ली काढून घ्यायची नाही. संशय आला तर लांबून बघायचं, गाडीचा नंबर लिहायचा, ११२ ला कळवायचं. आणि व्हॉट्सअॅपवर अनोळखी माणसाचा फोटो ‘हाच चोर’ म्हणून टाकायचा नाही. हे शेवटचं मी हात जोडून सांगतोय.

---

हापूस_घाटी

डहाणूकाठ भाऊ, हे एवढ्या जवळून माहीत नव्हतं. आज रात्री पोरांना वाचून दाखवतो.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, रात्री साडेअकराला ड्यूटी संपते. सगळी चर्चा घरांची चालली आहे म्हणून एक वेगळी बाजू.

मारुती मंदिरापासून माझं घर दहा मिनिटांवर. गर्दीच्या रस्त्यावर मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटते ती शेवटच्या दीडशे पावलांत, जिथे दोन्ही बाजूंना बंद बंगले आहेत. तिथे आजवर काही झालेलं नाही, म्हणजे कुठल्या आकड्यात ती जागा येणार नाही. पण मी त्या दीडशे पावलांत फोन कानाला लावून उगाच मोठ्याने बोलत जाते. तिथल्या एका घरात एक आजी एकट्या असतात. त्यांना कसं कळलं देव जाणे, पण गेल्या शिमग्यापासून त्या साडेअकरा-पावणेबारापर्यंत पडवीतला दिवा चालू ठेवतात. माझ्या चपलांचा आवाज पुढे गेला की दिवा बंद होतो. आम्ही दोघी या विषयावर एकमेकींशी कधी बोललेलो नाही.

---

आगरातलो

मालवणात आमची आजी म्हणायची, ‘घराक कुलूप नाय, माणूस होया.’ तेव्हा ती आमका मुंबैक जाव नको म्हणून सांगी, असा वाटायचा. रात्रपाळी ताईंचा वाचून डोळ्यांत पाणी इला.

---

डोंबिवली फास्ट नव्हे, स्लो

इथे लिहावं की नको असा दोन दिवस विचार करत होतो. मी त्या बंद घरांपैकी एकाचा मालक आहे.

पूर्णगडच्या अलीकडे आमचं घर. वडील २००९ साली गेले, त्यानंतर आईला घेऊन इकडे आलो आणि घराला कुलूप लागलं. गणपतीत पाच दिवस, मे महिन्यात आठ दिवस. बाकी वर्षभर चावी डोंबिवलीला देव्हाऱ्याखालच्या खणात. मागच्या वर्षी शेजारच्या चुलत वहिनीचा फोन आला की तुमच्या मागीलदारी माड पडलाय, कौलं फुटलीत. मी म्हटलं, आत काही भिजलंय का बघा. ती म्हणाली, भावजी, चावी कुठाय? तीनशे किलोमीटरवर चावी आणि तिथे पाऊस. तिला चावी का दिली नाही, याचं खरं उत्तर असं की आगराच्या हिश्शावरून वडिलांच्या वेळचं जुनं दुखणं आहे. मोठं काही नाही, पण चावी द्यायला हात पुढे झाला नाही.

शेवाळाचं वाचल्यापासून आमच्या फरशीवर काय असेल तेच डोळ्यांसमोर येतंय.

---

पाखाडी

जाता जाता एक. म्हाताऱ्या माणसांची हल्ली फोनवरून होणारी लूट कुलपापेक्षा मोठी आहे. पोलीस असल्याचं सोंग करून व्हिडिओ कॉलवर धमकावतात ती ‘डिजिटल अटक’ नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही, हे आईवडिलांना दहा वेळा सांगून ठेवा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, म्हणजे पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते. यावर वेगळा धागा हवा.

---

सोनचाफा

महिनाभराने लिहितेय. जे झालं ते सांगते.

बंद १७ घरांपैकी १५ घरांचे फोन नंबर मिळाले, ११ जणांनी प्रतिसाद दिला, ७ जणांनी चावी ठेवायला दिली. बाकीच्यांनी निदान घराभोवती फिरायची परवानगी दिली. दर बुधवारी आणि शनिवारी दोघी-दोघी फिरतो. पुढचं दार बघतच नाही, थेट मागीलदार, न्हाणीघराची खिडकी, कौलं. वहीत तारीख आणि सही. पुढे कधी काही झालंच तर पंचनाम्यात अडीच महिने नाही, तीन-चार दिवस लिहिले जातील. खांबावरचा दिवा कळवल्यावर चौथ्या दिवशी लागला. बीट अंमलदारांना बोलावून घराघरांची यादी दिली, त्यांनी स्वतःचा नंबर ग्रुपवर टाकला. गस्त आम्ही घालत नाही. संध्याकाळी सातला सहा एकट्या माणसांना एकेक फोन होतो, तेवढंच.

आणि एक राहिलं होतं ते केलं. गुरख्याच्या घरी गेले. सोबत अळीवाचे लाडू आणि बाळाला झबलं-टोपडं. गडगा ओलांडून त्यांच्या खोपीकडे जायची ही बावीस वर्षांतली माझी पहिली वेळ. मुलगी झालीय. त्याच्या बायकोने लाडू घेतले, खाली चटई टाकली, मला बसायला सांगितलं. मी म्हटलं, आम्ही तुमच्याबद्दल जे बोललो ते चुकीचं होतं, मी सुद्धा त्यात होते. तो बराच वेळ बाळाच्या पायाकडे बघत होता. मग म्हणाला, ‘ताई, रात्री मी जागाच असतो. कोणी विचारलाच नाय.’

जुलैच्या शेवटी शेवटी, आमावास्येच्या मागेपुढे, त्याने काकूंच्या मागीलदारी बॅटरीचा उजेड पाहिला होता. थोड्या वेळाने टेम्पोसारखं काहीतरी खालच्या रस्त्याने गेल्याचा आवाज आला. त्याला वाटलं काकूंची माणसं आली असतील, लाइट गेली असेल. दुसऱ्या दिवशी आम्ही कोणी काही बोललो नाही, म्हणून तोही बोलला नाही. पुढे संशय त्याच्यावरच आला तेव्हा हे सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

परवा मी आणि हे त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. त्याचा जबाब नीट लिहून घेतला. अडीच महिन्यांचे आता तीन-चार दिवस झालेत. तबक मिळेल की नाही माहीत नाही. काकूंना फोन करून सांगितलं, तर त्यांनी आधी बाळाचं नाव काय ठेवलं ते विचारलं.

---

निवृत्त फौजदार

सोनचाफा, तारीख मिळाली ना, आता खालच्या रस्त्यावर पेट्रोल पंप किंवा वजनकाटा असेल तर त्यांच्या नोंदवह्या बघायला सांगा. चित्रीकरण पुसलं गेलं असेल, पण वही असते. तांब्याचा बंब भंगारात वजनावर विकतात, तिकडेही चौकशी होऊ दे. फिर्यादीच्या प्रतीवरचा गुन्हा रजिस्टर नंबर लक्षात ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी जाऊन या.

---

डोंबिवली फास्ट नव्हे, स्लो

वहिनीला काल फोन केला. शुक्रवारी रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघतोय, शनिवारी सकाळी रत्नागिरीला उतरून पहिल्या एस्टीने गावी. दोन चाव्या करून घेतल्यात, एक पुढच्या दाराची, एक मागीलदाराची. वहिनी म्हणाली, जेवायला आमच्याकडेच या, चावी मग बघू.